ज्ञानाचा उतारा कुणाच्या नावे?

गेल्या वर्षी आमच्या गावच्या व्याख्यानमालेत तिसरे पुष्प गुंफण्यासाठी एक विद्वान गृहस्थ आले होते. विषय होता 'विद्यापीठे आणि स्वावलंबन'. अध्यक्षपदाची शाल माझ्या खांद्यावर होती. मी हायस्कूलचा मुख्याध्यापक असल्याने गावात दुसरा कुणी मिळाला नाही की ती शाल माझ्याकडे येते, हे वाचकांना ठाऊक आहेच.

वक्ते फर्डे होते. ते म्हणाले, "सरकारी अनुदानावर जगणारे विद्यापीठ म्हणजे बापाच्या पेन्शनीवर जगणारा घोडनवरा! अमेरिकेत जाऊन पाहा. तिथले प्राध्यापक शोध लावतात, विद्यापीठ पेटंट घेते आणि कोट्यवधी डॉलर दाराशी चालत येतात. आपल्या प्रयोगशाळांत सोन्याच्या खाणी आहेत, फक्त कुणी खणत नाही." टाळ्या पडल्या. मग त्यांनी श्रोत्यांतल्या एका तरुणाला हाक मारून व्यासपीठावर बोलावले. आमच्या शाळेचाच तो माजी विद्यार्थी. रसायनशास्त्रात पीएच. डी. झालेला. "हे पाहा आपल्या मातीतले पेटंटधारक!" पुन्हा टाळ्या. त्याला नारळ मिळाला.

समारोपाला मला पाच मिनिटे होती. तेवढ्यात वीज गेली आणि मी आभार मानून मोकळा झालो. बसस्टँडपर्यंत तो मुलगा माझ्याबरोबर चालत आला. वाटेत म्हणाला, "सर, माझ्याकडे पेटंट नाही. नुसता अर्ज छापून आला होता. त्याचं पुढं काय झालं ते मलाही माहीत नाही."

त्या रात्री जे बोलायचे राहिले ते आज लिहितो आहे.

पेटंट म्हणजे काय, हे आमच्या दहावीच्या पोरांना मी उताऱ्याच्या दाखल्यावरून सांगतो. शेताचा उतारा ज्याच्या नावे, त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने त्यात नांगर घालायचा नाही. पेटंट हा कल्पनेचा उतारा. मात्र दोन फरक आहेत. शेताचा उतारा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, पेटंटाची मुदत वीस वर्षे, आणि तीही दरवर्षीचे नूतनीकरण शुल्क भरले तर. दुसरा फरक अधिक मोलाचा आहे. पेटंट मागणाऱ्याला आपली युक्ती काय आहे ते सविस्तर लिहून जगजाहीर करावे लागते. समाज म्हणतो, तू गुपित सांग, मी तुला काही वर्षे मक्तेदारी देतो. म्हणजे हा सौदा आहे. दोन्ही बाजूंनी काही द्यायचे आणि काही घ्यायचे, तरच तो सौदा.

आता त्या अमेरिकेतल्या सोन्याच्या विटांकडे वळू.

वक्त्यांनी स्टॅनफर्डचे नाव घेतले, आणि ते नाव खोटे नाही. स्टॅनले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर या दोघा शास्त्रज्ञांनी १९७३ च्या सुमारास एका जीवाचा जनुक दुसऱ्या जीवात जोडण्याची रीत बसवली. एक जण स्टॅनफर्डमध्ये, दुसरा सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. पेटंट घ्यावे असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. स्टॅनफर्डच्या परवाना कार्यालयाचे नील्स रायमर्स यांनी १९७४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्या शोधाची बातमी वाचली आणि कोहेन यांचा पिच्छा पुरवला. १९८० साली पहिले पेटंट मिळाले. १९९७ पर्यंत दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. आकडा ऐकून कुणाचेही डोळे फिरतील.

पण हे पैसे आले कसे, ते वक्त्यांनी सांगितले नाही. स्टॅनफर्डने ती रीत एका कंपनीच्या घशात घातली नाही. जो येईल त्याला परवाना, आणि दरही असा की लहान कंपनीलाही परवडावा. सुरुवातीची रक्कम दहा हजार डॉलर. चारशेहून अधिक कंपन्यांनी परवाने घेतले. म्हणजे हे उत्पन्न मक्तेदारीतून आले नाही, दार उघडे ठेवल्यामुळे आले. शिवाय वाटणीचा हिशेब लेखी आणि सर्वांना ठाऊक. कार्यालयाच्या खर्चाला पंधरा टक्के, आणि उरलेल्याचे तीन भाग करून एक संशोधकाला, एक त्याच्या विभागाला, एक त्याच्या शाखेला. आमच्याकडे एखाद्या प्राध्यापकाला विचारा, तुमच्या विद्यापीठाचे वाटणीचे सूत्र काय? बिचारा इकडे तिकडे पाहील.

आणि स्टॅनफर्ड एकच. ब्रुकिंग्ज या अमेरिकेतल्याच संशोधनसंस्थेने २०१३ साली तिथल्या विद्यापीठांच्या पेटंट-परवाना कार्यालयांचा हिशेब मांडला. २०१२ या वर्षात शंभरातल्या चौऱ्याऐंशी विद्यापीठांना त्या कार्यालयाचा खर्चही पेटंटांच्या उत्पन्नातून भागवता आला नव्हता. वकिलाची फी, नूतनीकरणाची फी, नोकरांचे पगार हे सगळे जाऊन हाती धुपाटणे. ज्यांना लॉटरी लागली त्यांचे फोटो छापून येतात, तिकिटे फाडून टाकणाऱ्यांचे कुणी छापत नाही. श्रीमंत देशाची ही कथा. मग अध्यापकांच्या निम्म्या जागा रिकाम्या ठेवून, घड्याळी तासावर शिकवणाऱ्यांच्या जिवावर चाललेल्या आमच्या विद्यापीठांना "पेटंटांवर पोट भरा" म्हणून सांगणारा माणूस एकतर भोळा आहे, नाहीतर अनुदान कापायला निमित्त शोधतो आहे.

माझा आक्षेप पैसा मिळत नाही एवढाच असता, तर हा लेख इथेच संपला असता. खरा आक्षेप पैसा मिळतो तेव्हाचा आहे.

विस्कॉन्सिन हे अमेरिकेतले गाईगुरांचे, दूधदुभत्याचे राज्य. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक हॅरी स्टीनबॉक यांना १९२३ च्या सुमारास आढळले की अन्नावर अतिनील किरण सोडले की त्यात 'ड' जीवनसत्त्व तयार होते. मुडदूस झालेली मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याची किंमत कळेल. धनुष्यासारखे वाकलेले पाय, पुढे आलेली छाती. क्वेकर ओट्‌स कंपनीने त्यांना या शोधासाठी नऊ लाख डॉलर देऊ केले. स्टीनबॉक यांनी ते घेतले नाहीत. त्यांच्या आग्रहावरून नऊ माजी विद्यार्थ्यांनी मिळून १९२५ साली एक न्यास स्थापन केला. पेटंट न्यासाकडे, उत्पन्न विद्यापीठाच्या संशोधनाला. विद्यापीठाने पेटंट सांभाळण्याची जी पद्धत आज जगभर आहे, तिचे हे एक मूळ. याच न्यासाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'वॉर्फरिन' हे नाव आले. रक्त पातळ ठेवण्यासाठी आपल्याकडचे किती तरी हृदयरोगी ती गोळी घेत असतील, आणि आपण एका विद्यापीठाचे नाव पाण्याबरोबर गिळतो याची त्यांना कल्पनाही नसेल.

इथवर सगळे आदर्शच. पण त्याच न्यासाने मार्गारीन बनवणाऱ्यांना 'ड' जीवनसत्त्वाच्या रीतीचा परवाना नाकारला. मार्गारीन म्हणजे तेलापासून केलेले स्वस्त, गरिबाचे लोणी. त्यात जीवनसत्त्व आले तर विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याचे खरे लोणी कोण घेणार? म्हणून गरिबाच्या पोराला मुडदूस झाला तरी चालेल, पण लोण्याचा भाव पडता कामा नये! हे शब्द माझे आहेत, पण १९४० च्या दशकात प्रकरण कोर्टात गेले तेव्हा अमेरिकेच्या अपील न्यायालयालाही ही गोष्ट खुपली. गरीब माणूस जे खातो त्यालाच हा लाभ नाकारला गेला, याची नोंद न्यायाधीशांनी केली आणि पेटंटे अवैध ठरवली. १९४६ साली ती सर्वांना खुली झाली. स्टीनबॉक लोभी नव्हते, न्यासाच्या विश्वस्तांनीही स्वतःच्या खिशात दमडी घातली नाही. तरीही हे झाले. कारण उतारा ज्याच्या नावे, बांध कुठे घालायचा हे तोच ठरवतो.

याच्या बरोबर उलट उदाहरण त्याच काळातले आहे. कॅनडात टोरांटोच्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्शुलिनचे पेटंट १९२३ च्या आरंभी विद्यापीठाला विकले. किती किमतीला? माणशी एक डॉलर. विद्यापीठाने ते का घेतले? कमाईसाठी नव्हे. दुसऱ्या कुणी आधी पेटंट घेऊन दार लावून टाकू नये, आणि कुणीही सोम्यागोम्याने निकृष्ट औषध बाजारात आणू नये, म्हणून. पुढे विद्यापीठाला परवान्यांतून पैसे मिळाले आणि ते संशोधनाला लागलेही. पण आधी राखण, मग रास्त मोबदला, असा तो क्रम होता. आमच्या वक्त्यांनी हा क्रमच उलटा केला.

अमेरिकेत तो क्रम कायद्याने उलटला तो १९८० साली. बाय आणि डोल या दोन सिनेटरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने, सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवण्याची आणि कंपन्यांना परवाने देण्याची मुभा दिली. त्याआधी सरकारच्या ताब्यातली हजारो पेटंटे धूळ खात पडली होती, हे खरे आहे, आणि ते मी लपवत नाही. पण त्यातून काय घडू शकते ते पाहायला आपल्याला थेट मुंबईला यावे लागते.

एड्सवरच्या औषधांत स्टॅव्हुडिन नावाचे एक औषध होते. ते मुळात १९६६ साली जेरोम हॉरविट्झ यांनी डेट्रॉइटमध्ये कर्करोगासाठी तयार केले. त्याचे त्यांनी पेटंटही घेतले नव्हते. पुढे येल विद्यापीठातल्या विल्यम प्रुसॉफ आणि ताइ-शुन लिन यांनी ते एड्सच्या विषाणूवर चालते हे दाखवले. येलने पेटंट घेतले आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला एकहाती परवाना दिला. येलच्या तिजोरीत दरवर्षी कोट्यवधी डॉलर येऊ लागले. तिकडे दक्षिण आफ्रिकेत माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती, कारण तीन औषधांच्या उपचाराचा पाश्चात्त्य कंपन्यांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने जाहीर केले की तोच उपचार आम्ही सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला एक डॉलरही नाही! अडचण एकच, पेटंट येलचे. त्या डॉक्टरांनी येलला पत्र लिहिले. येलचे पहिले उत्तर काय? परवाना एकहाती दिलेला आहे, आता जे काय ते कंपनीच्या हाती.

ज्ञानदान हे ज्यांचे ब्रीद, त्यांचे हे उत्तर. विद्यार्थी खवळले. खुद्द प्रुसॉफ यांनी वृत्तपत्रात लिहून औषध गरिबांना स्वस्तात किंवा फुकट मिळावे अशी बाजू घेतली. मार्चच्या मध्यापर्यंत कंपनीने किमती खाली आणल्या आणि दक्षिण आफ्रिकेत पेटंटाचा आग्रह धरणार नाही असे जाहीर केले. याला काही आठवडे लागले, आणि तेही आरडाओरडा झाला म्हणून. परवान्याच्या कागदावर सही करतानाच एक कलम घातले असते तर? आपल्या सिप्लाला तरी हे औषध करता का आले? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर पेटंट ठेवले होते म्हणून. १ जानेवारी २००५ पासून ती सोय आपणही गमावली आहे. तेव्हा आता आपल्या विद्यापीठांनी कुणाला कोणत्या अटींवर परवाना दिला, हा प्रश्न पूर्वीपेक्षा फार गंभीर झाला आहे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे, त्याचे उत्तर दिले पाहिजे. नव्या औषधाच्या चाचण्यांना अफाट खर्च येतो. कंपनीला काही काळ मक्ता दिला नाही तर ती पैसा घालणार नाही. मान्य. मग मक्ता मुदतीचा द्या, अमुक वर्षांत माल बाजारात आणला नाही तर परवाना रद्द अशी अट घाला, गरीब मुलुखांसाठी वेगळा दर ठेवा. कूळ लावताना आपल्या आजोबांनीही खंडाच्या कागदात चार अटी घातल्या होत्या. एवढी व्यवहारबुद्धी कुलगुरूंना असायला हरकत नाही.

हळदीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातली एक बाब लोक विसरतात. १९९५ साली अमेरिकेत हळद जखमेवर लावण्याचे पेटंट निघाले तेव्हा सांगलीच्या बाजारापासून आमच्या आठवडी बाजारापर्यंत सगळ्यांनी कपाळावर हात मारला. ते पेटंट कुठल्या कंपनीचे नव्हते. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचे होते, आणि ज्या दोघांच्या शोधावर ते निघाले तेही भारतीय वंशाचेच. गोव्यातल्या माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ साली बत्तीस पुरावे दाखल केले. त्यांत जुने ग्रंथ होते, आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला लेखही होता. १९९७ साली पेटंटाचे दावे रद्द झाले. आजीचा बटवा आजीकडे परत आला. आम्ही शाळेत पेढे वाटले होते!

पण पेढे वाटताना माझ्या मनात जो विचार यायला हवा होता तो फार उशिरा आला. दुसऱ्याचे खोटे पेटंट आपण मोडून काढले, आता आपली खरी आहेत का?

आपल्याकडे २००८ च्या डिसेंबरात राज्यसभेत बाय-डोलच्या धर्तीवर एक विधेयक आले होते. त्यावर बरीच टीका झाली आणि २०१४ साली ते मागे घेतले गेले. कायदा आला नाही, पण कायद्यापेक्षा बलवान अशी एक गोष्ट आली. ती म्हणजे क्रमवारी. केंद्र सरकारची उच्चशिक्षण संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. तीत पेटंटांना गुण आहेत. केवळ मिळालेल्या पेटंटांना नव्हे, प्रकाशित झालेल्या अर्जांनाही.

'प्रकाशित' या शब्दाने आमचा अख्खा गाव फसला, म्हणून थोडे समजावून सांगतो. पेटंटाचा अर्ज केला की तो अठरा महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतो. हे जर्नल दर शुक्रवारी निघते. जादा शुल्क भरले तर महिन्याभरातही छापून येतो. छापून आला याचा अर्थ एवढाच, की अर्ज आला. त्यात नवे काही आहे की नाही हे कुणी तपासलेलेही नसते. तपासणीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क लागते. मुदतीत ते भरले नाही, तर अर्ज मागे घेतला असे कायदा समजतो. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणजे पास झाला असे म्हणून मी दाखले वाटू लागलो तर शिक्षण खाते मला घरी बसवील. इथे मात्र फॉर्म भरल्याचे गुण मिळतात, वर प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागते. २०२१ साली सरकारने शिक्षणसंस्थांना पेटंटाच्या शुल्कात ऐंशी टक्के सवलत दिली. हेतू चांगलाच होता. पण माझ्यासारख्या हायस्कूलच्या मास्तराच्या मोबाईलवरही आता जाहिराती येतात, 'पेटंटमध्ये आपले नाव, तिसरा क्रमांक, इतके इतके रुपये'. शोध कसला, हे विचारायचे नाही. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावे घालावीत तशी पेटंटात नावे विकत मिळतात.

आता त्या मुलाची हकिगत. विद्यापीठ सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे सांगणार नाही. दोन्हीकडे मातीच्याच चुली.

त्याची आई काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते. आमच्या चंदगड-खानापूरच्या पट्ट्यात काजू चवीने खाणारे पुष्कळ आहेत, पण बी फोडणाऱ्या बायकांचे हात त्यांनी पाहिलेले नसतात. टरफलात एक जहाल चीक असतो. त्याने कातडी काळी पडते, सोलते, भेगा जातात. बायका राख चोळतात, एरंडेल लावतात. हातमोजे घातले तर बी हातात नीट बसत नाही, काम कमी होते आणि मजुरी किलोवर असते. हा मुलगा आठवीत असताना भात कालवून खायचा, कारण आईला भाकरी थापता येत नसे. पीएच. डी.ला गेल्यावर त्याने मुख्य विषय सांभाळून, रात्री प्रयोगशाळेत बसून हाताला लावायचे एक लेपण तयार केले. सुकले की पातळ पापुद्रा होतो, बोटांची पकड राहते, संध्याकाळी साबणाने निघून जाते. आईनेच आधी लावून पाहिले.

मार्गदर्शकांना कळल्यावर ते खूष झाले. म्हणाले, पेटंट होईपर्यंत कुणाला सांगू नकोस, दाखवू नकोस. ही सूचना योग्यच होती, आधी बोभाटा झाला तर पेटंट मिळत नाही. २०१७ साली अर्ज गेला. अर्जदार विद्यापीठ. संशोधकांची नावे पाच, त्यात याचे चौथे. वरच्या तिघांपैकी दोघांना त्याने प्रयोगशाळेत कधी पाहिले नव्हते. लवकर छापून यावा म्हणून जादा शुल्क भरले गेले. छापून आला. सत्कार झाला. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात हा मागच्या रांगेत अर्धा दिसतो. मग सगळे थंड. विचारले की उत्तर एकच, 'प्रक्रिया चालू आहे, बाहेर बोलू नको.' पोरगा आज्ञाधारक. सात वर्षे बोलला नाही. आईलाही दुसऱ्या बायांना देऊ दिले नाही.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या संगणक शिक्षकांना बरोबर घेऊन पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याचा अर्ज क्रमांक घातला. पाहायला पैसे लागत नाहीत. दोन मिनिटांत उत्तर आले. तपासणीची विनंती चार वर्षांच्या मुदतीत केली नाही, सबब अर्ज मागे घेतल्याचे समजण्यात आले आहे. तेव्हा त्या तपासणीचे शुल्क वीस हजार रुपये होते. लवकर छापण्यासाठी पैसे होते, कारण छापण्याला गुण होते. तपासणीसाठी नव्हते.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा वर्षांत किती पेटंट-अर्ज केले, किती मंजूर झाले, किती सोडून दिले, शुल्कापोटी किती खर्च झाला, परवान्यांतून किती मिळाले, त्यातले संशोधकांना किती दिले? पहिल्या प्रश्नाला तीन पानी उत्तर आले, सुबक यादीसह. उरलेल्या पाच प्रश्नांना एकच ओळ, 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' अहो, आमच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती किती आणि ती कितीला विकली, याचा हिशेब मला दरसाल द्यावा लागतो!

माझे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक विद्यापीठाने वर्षातून एकदा, रिकाम्या पोत्यांइतक्या तपशिलाने, आपल्या पेटंटांचा जमाखर्च लोकांपुढे ठेवावा. तीत सोडून दिलेल्या अर्जांचा रकाना असावा. सोडणार असाल तर संशोधकाला लेखी कळवा, त्याला स्वतःच्या पैशाने पुढे न्यायचे असेल तर नेऊ द्या. नाव कुणाचे लागावे याला प्रयोगवही हाच पुरावा धरा. आणि क्रमवारी ठरवणाऱ्यांनी छापून आलेल्या अर्जाचे गुण बंद करावेत. परवान्याच्या उत्पन्नाचे तर नकोतच, नाहीतर उद्या आमची विद्यापीठेही लोण्याच्या बाजूने उभी राहतील. गुण द्यायचेच तर शोध कुणाच्या हाती पोचला याचे द्या.

या सगळ्यात एक गंमत आहे. अर्ज बुडाला, म्हणजे मक्ता कुणाचाच राहिला नाही. आणि छापून आल्यामुळे कृती मात्र जगजाहीर आहे. ती आता कुणीही करावी. मी त्या मुलाला हे सांगितले तेव्हा त्याला ते खरेच वाटेना. पुन्हा पुन्हा विचारत होता, "सर, नक्की ना? केस नाही ना होणार?" त्याने एका परिचित वकिलालाही विचारून घेतले.

मग आम्ही ते इंग्रजी विवरण छापून काढले. बावीस पाने. त्यातला कृतीचा भाग मी मराठीत उतरवला, आमच्या कन्नड शिक्षकांनी कन्नडमध्ये. काही शब्दांवर आमचे वाद झाले, 'लेपण'ला ते राजी नव्हते. कारखान्यातल्या निम्म्या बायका कन्नड बोलणाऱ्या, त्यामुळे एका कागदाच्या दोन बाजूंना दोन भाषा छापल्या. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने पहिला मोठा घाणा केला, पाच लिटरचा. तो थोडा चिकट झाला आहे. बोटाला लागलेले गराला लागते आणि मालक गर परत करतो. मुलगा म्हणतो, प्रमाण चुकले, पुढच्या रविवारी दुरुस्त करू.

त्याची आई डबा घेऊन गेली आहे. जाताना मी विचारले, चिकट आहे तर कशाला नेता? म्हणाल्या, "रात्री हाताला आग होत न्हाई सर. गराचं बघू मग."